फ्रॅकिंगपूर्वी बोअरच्या पाण्याची तपासणी : पेनसिल्व्हेनियातील एका लॅबचा अनुभव

घरापासून सुमारे दोन हजार फुटांवर गॅसविहीर खोदली जाणार असल्याची नोटीस टपालाने आली, तेव्हा मी बोअरचे पाणी आपल्या खर्चाने तपासून घ्यायचे ठरवले. आम्ही अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील वॉशिंग्टन काउंटीत (जिल्ह्यात) राहतो. मार्सेलस शेल या जमिनीखालच्या खडकाच्या थरातला गॅस फ्रॅकिंगने, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडून, काढण्याची सुरुवात २००४ साली याच काउंटीत झाली. खासगी बोअरच्या पाण्यावर येथे सरकारी देखरेख नाही, त्यामुळे आपण काय पितो हे ज्याचे त्यानेच पाहायचे असते. मी निवडलेली लॅब राज्याची मान्यता असलेली आहे. तिचे नाव देत नाही.

नमुना घेण्याचे काम अतिशय चोख झाले. आलेल्या तंत्रज्ञ बाई थेट तळघरात गेल्या, पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या यंत्राच्या आधीचा नळ त्यांनी शोधला आणि वीस मिनिटे वाहू दिला. मिथेनसाठीची (नैसर्गिक गॅसमधला हा मुख्य वायू) बाटली त्यांनी बादलीतल्या पाण्यात बुडवून भरली व झाकणही पाण्यातच लावले. मग ती उलटी करून उजेडात धरली. आत मोहरीएवढा बुडबुडा दिसताच सगळे पाणी ओतून पुन्हा भरली, कारण विरघळलेला वायू अशा बुडबुड्यात निसटतो आणि आकडा कमी येतो. प्रत्येक बाटलीची वेळ लिहून माझी सही घेतली. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची ही नोंद नसेल, तर वाद झाल्यावर रिपोर्टला फारशी किंमत उरत नाही.

माझी खरी तक्रार पॅकेजबद्दल आहे. फोनवर मला जीवाणू, नायट्रेट आणि शिसे एवढीच तपासणी सुचवण्यात आली, आणि गॅसविहिरीचा उल्लेख मी दोनदा करूनही मिथेन, इथेन, क्लोराइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम व बेंझीन यांची नावे मलाच सांगावी लागली. फ्रॅकिंगसाठी एका विहिरीत कोट्यवधी लिटर पाणी, वाळू आणि रसायने दाबाने सोडतात. त्यातले जे वर येते ते खडकातले क्षार, बेरियम आणि रेडियमसुद्धा घेऊन येते. शिवाय विहिरीच्या पोलादी नळ्यांभोवतीचे सिमेंट नीट बसले नसेल, तर वायू त्या फटीतून वर चढून पिण्याच्या पाण्यात मिसळू शकतो. याच राज्यातल्या डिमॉक गावात १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या बोअरवरचे काँक्रीटचे झाकण स्फोटाने उडाले. तेथे नळाचे पाणी पोहोचवण्यासाठी १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे तिथल्या गॅस कंपनीने मान्य केले ते २०२२ मध्ये.

गॅसविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि काम संपल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडले, तर येथील कायदा कंपनीलाच जबाबदार धरतो. मात्र दोष आधीपासूनच होता असे पूर्वीच्या तपासणीतून दाखवता आले तर कंपनी सुटते. म्हणून कंपनीने देऊ केलेली फुकट तपासणी नाकारू नये, पण केवळ तिच्यावर विसंबूनही राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिपोर्ट दहा दिवसांत मिळायचा होता, तो सव्वीस दिवसांनी मिळाला. मिथेन लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम निघाला आणि इथेन आढळला नाही. लिटरमागे ७ मिलिग्रॅम मिथेन निघाला तर राज्य सरकार दखल घेते. आकडे नीट मांडलेले आहेत, पण माहितीपत्रकातले ‘कुटुंबाच्या आरोग्याची संपूर्ण खात्री’ हे शब्द मला खटकले. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात गॅस निघत असलेल्या विहिरींजवळ दम्याचे तीव्र झटके अधिक आढळले, आणि विहिरीपासून एका मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांमध्ये लिम्फोमा या कर्करोगाचे प्रमाणही जास्त दिसले. माझ्या धाकट्या मुलाला दमा आहे. त्याच्या श्वासातल्या हवेबद्दल पाण्याची बाटली काहीच सांगू शकत नाही, आणि लॅबने तसे लिहायला हवे होते.

तरीही दुसऱ्या तपासणीसाठी मी याच लॅबला बोलावणार आहे. तळघरातल्या त्या नळावर बाईंनी तारीख लिहून चिकटपट्टी लावली आहे; खोदकाम संपल्यावरचा नमुना तिथूनच घ्यायचा आहे.