गाडीवर जाहिरात: गोव्याच्या हवेत कुठले व्हिनायल टिकते?

डिलिव्हरीची गाडी म्हापशाहून पणजीला दिवसातून चार खेपा करते, तेव्हा तिच्या अंगावरची जाहिरात हजारो लोकांच्या नजरेखालून जाते. तेच व्हिनायल, म्हणजे जाहिरात छापलेली चिकट प्लास्टिक फिल्म, दुसऱ्या पावसाळ्यात कडेने सुटायला लागले, तर लोकांना दिसते तेही हेच. ओराजेट या ब्रँडच्या तीन फिल्म शेजारी ठेवून पाहिल्या, तर कुठली कुठे चालेल हे कळते. इतर कंपन्यांच्या मालालाही हाच हिशेब लागू.

३६४० मोनोमेरिक, ८० मायक्रॉन. दुकानाच्या सपाट बोर्डाला ठीक, गाडीला नको. रोलरखाली ताणून केलेली ही फिल्म उन्हात आकसते. कडेला मिलिमीटरभर गोंद उघडा पडतो, त्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसते आणि पांढऱ्या पत्र्यावर अक्षराभोवती लाल रेघ उमटते. ती नुसत्या पाण्याने जात नाही. शिवाय दोन-तीन वर्षांनी काढायला गेलात की नखाएवढे तुकडे होऊन निघते.

३५५१ पॉलिमेरिक, ७० मायक्रॉन. आकसणे बरेच कमी. टाटा एसच्या मागच्या सपाट पेटीला ही पुरेशी आहे, तिथे जास्त पैसे घालू नयेत. खोल खाचेत मात्र ताणून बसवलेली फिल्म आठवडाभरात परत वर येते आणि खाली हवा धरते.

३९५१ कास्ट, ५० मायक्रॉन. द्रवरूप पीव्हीसी एका कागदावर ओतून भाजलेले असल्यामुळे अंगात ताण नसतो. मारुती ईकोसारख्या खाचा-वळणांच्या गाडीला हीच घ्यावी. महाग आहे, पण पूर्ण गाडी मढवायची गरजच काय? पांढरा रंग पार्श्वभूमी म्हणून राहू द्या, दोन्ही बाजूंचा पट्टा आणि मागचे दार एवढेच करा. छप्पर तर सोडाच: आडव्या भागावर ऊन थेट पडते, तिथे कुठलीही फिल्म लवकर मरते.

खरी फसगत लॅमिनेशनमध्ये, म्हणजे छपाईवर पारदर्शक संरक्षक फिल्म चढवण्यात होते. कास्टवर स्वस्त कॅलेंडर्ड, म्हणजे रोलरखाली ताणून केलेले, लॅमिनेट चढवले की वरचे आकसते, खालचे जागेवर राहते आणि कडा वळतात. कास्टला कास्टच हवे. इको-सॉल्व्हेंट शाईची छपाई असेल, तर लॅमिनेशनआधी किमान २४ तास रोल सैल सोडून वाळवावा लागतो. घाई केली तर शाईतले अडकलेले सॉल्व्हेंट (द्रावक) गोंद मऊ करते. सकाळी छापून संध्याकाळी गाडी देतो म्हणणाऱ्याला शाई कुठली ते विचारा. छापतानाच वाळणारी लेटेक्स शाई असेल तर चालेल.

बसवण्याचे काम बंद शेडमध्येच. गाडी आदल्या दिवशी धुवावी. पावसाळ्यात दाराच्या रबरात आणि दिव्यांच्या खाचांत पाणी लपते, फिल्म गरम केली की ते बाहेर येते, म्हणून आधी हीटगनने सुकवावे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. बसल्यावर ताणलेला प्रत्येक भाग ९५ अंशांपर्यंत पुन्हा तापवावा, आणि तोही इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून. हा टप्पा गाळला तर कास्टचे पैसे वाया. जोड मंगलोरी कौलांसारखे: वरचा तुकडा खालच्यावर, पुढचा मागच्यावर, सेंटीमीटरभर चढता. काळ्या खरखरीत प्लास्टिकच्या बंपरवर काहीच चिकटवू नका. पहिले दोन दिवस गाडी धुवायची नाही, आणि पुढेही प्रेशरचे नोझल कडेपासून हातभर लांब.

डिझाइनमध्ये देवनागरीची काळजी वेगळी. फाइल देण्यापूर्वी अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत, बदला, नाहीतर छापखान्याच्या संगणकावर जोडाक्षरे सुटतात आणि रफार भलतीकडे जातो. दाराच्या फटीवर शब्द आणू नका: शिरोरेखा दोन मिलिमीटर खालीवर झाली तरी डोळ्यात खुपते. सरकते दार उघडल्यावर फोन नंबर झाकला जाणार नाही, हेही पाहा. आकडे किमान १० सेंटीमीटर उंच हवेत.

काचांवर जाळीदार फिल्म लावण्याचा आग्रह धरू नका, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवरच्या फिल्मना मनाई केली होती; नंतर नियम बदलले, म्हणून सध्या काय चालते ते आधी आरटीओत विचारा. गाडीचा मूळ रंगच झाकला जाणार असेल, तर आरसीवर रंगाची नोंद असते. छपाईआधीच डिझाइन घेऊन आरटीओत जाऊन या.

दरपत्रकावर नुसते ‘इंपोर्टेड व्हिनायल’ लिहिलेले असेल, तर परत पाठवा. फिल्मचा नंबर, लॅमिनेटचा नंबर आणि शाईचा प्रकार बिलावर मागा, आणि काम सुरू होण्यापूर्वी रोलच्या खोक्यावरचा नंबर त्याच्याशी ताडून पाहा.