सुरीचं पातं: १०९५ की १४सी२८एन?

ही सुरीच्या पोलादाच्या दोन प्रकारांची नावं: १०९५ साधं कार्बन पोलाद, १४सी२८एन स्टेनलेस. मासे साफ करायची सुरी असेल तर १४सी२८एनच घ्या. त्यात गंज रोखणारं क्रोमियम सुमारे १४ टक्के असतं, १०९५ मध्ये जवळजवळ नसतंच. म्हणून खाऱ्या पाण्यात १०९५ वर काही तासांत डाग पडतात, आणि गंज पातळ धारेलाच आधी खातो. पडताळायचं तर दोन्ही पात्यांना मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवा.

शिकारीच्या सुरीत निवड इतकी सरळ नाही. १०९५ मध्ये कार्बन ०.९५ टक्क्यांच्या आसपास. साध्या दगडावरही पटकन धार लागते, पण प्रत्येक वापरानंतर पुसून तेलाचा हात द्यावाच लागतो.

पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून किती कडक केलंय, हे मात्र नावावरून कळत नाही. ६ मिमी पितळी सळईवर धार टेकवून हलका दाब द्या. कडा किंचित वाकताना दिसते. दाब काढल्यावर सरळ झाली तर उत्तम. वाकलेलीच राहिली तर पातं मऊ. कपची उडाली तर ठिसूळ, किंवा धार फारच पातळ घासलेली.

दोर कापून तुलना करण्याआधी दोन्हींना एकाच दगडावर, प्रत्येक बाजूला २० अंशांत धार लावा. नाहीतर तपासणी पोलादाची नव्हे, कोनाची होते.