मास्टर्सनंतर पीआर: कॅनडा की जर्मनी?

मास्टर्स करून तिकडेच सेटल व्हायचं म्हटलं की पुण्यात सध्या गाडी बहुतेक वेळा या दोन देशांवर येऊन थांबते. मी जर्मनीला गेलो, पीआरही (म्हणजे कायम राहण्याचा परवाना) तिथलाच आहे, आणि मावसभाऊ माझ्या आधी टोरांटोला गेलेला, त्यामुळे दोन्ही बाजू घरातच बघितल्यात. फी, राहण्याचा खर्च वगैरे तुम्ही काढलाच असेल, ते परत लिहीत नाही.

कॅनडाची सुरुवात जास्त सोपी आहे यात वाद नाही. मास्टर्स झालं की साधारण तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं, भाषेचा प्रश्न नाही, नोकरी शोधताना इंग्रजीवर निभावतं. वर्षभर स्किल्ड काम केलं की एक्सप्रेस एंट्रीच्या पूलमध्ये, म्हणजे पॉइंटवर पीआरसाठी निवड होते त्या यादीत, जाता येतं. मला खटकलं ते त्याच्या पुढचं. पूलमध्ये गेलात म्हणजे पीआर मिळेल असं नाही, कटऑफ किती लागेल ते प्रत्येक ड्रॉला (यादीतून जास्त पॉइंटवाले निवडण्याच्या फेरीला) नव्याने कळतं, आणि दुसरीकडे तुमचं वय वाढत असतं. एकट्याने अर्ज केला तर २९ पर्यंत वयाचे ११० पॉइंट, ३० ला १०५, ३१ ला ९९, असे वाढदिवसागणिक पाच-सहा पॉइंट जातात. मावसभाऊ या फेऱ्यात अडकला तेव्हा कोथरूडला मावशी संध्याकाळी देवापाशी दिवा लावता लावता विचारायची, आज ड्रॉ आहे का रे, आणि हा तिकडे परमिटची किती मुदत उरली ते मोजत बसलेला. त्यात इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो म्हणून ती परत द्यावी लागली. शेवटी प्रॉव्हिन्सचं, म्हणजे तिथल्या राज्याचं, नॉमिनेशन मिळालं, त्याचे एकदम ६०० पॉइंट असतात, तेव्हा सुटला. काम चोख, पगार चांगला, टॅक्स वेळेवर, तरी पुढच्या वर्षी इथे असू की नाही हे सांगता येत नाही, हे मला बघवत नव्हतं. मी हिंजवडीत काही वर्षं नोकरी करून निघणार होतो, म्हणजे डिग्री आणि वर्षभराची नोकरी होईपर्यंत तिशी ओलांडणारच होती. माझा निर्णय इथेच झाला.

जर्मनीत ड्रॉ नाही, अटी आहेत. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, मग ब्लू कार्ड (ठरावीक पगाराच्या नोकरीवर मिळणारा परवाना), आणि बी१ म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांनी पीआरचा अर्ज करता येतो, ए१ वर, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर, थांबलात तर २७. तेवढे महिने पेन्शनचे पैसे भरलेले हवेत आणि तिथल्या समाज-कायद्यावरची छोटी परीक्षा. ब्लू कार्डाएवढा पगार नसला तरी तिथल्या डिग्रीवाल्यांना दोन वर्षांनी वेगळा रस्ता आहे, बी१ मात्र लागतंच. मी कॅलेंडरवर महिना लिहून ठेवला होता आणि साधारण त्याच सुमारास अर्ज केला, ऑफिसची अपॉइंटमेंट मिळायला फार वेळ गेला, चिडचिड झाली, पण दरम्यान नियम आपल्यासाठी बदलेल अशी धाकधूक नव्हती.

त्रास आहे तो भाषेचा, आणि तो खरा आहे. इंग्रजीतून मास्टर्स करता येतं, पण आयटी सोडून बऱ्याच ठिकाणी इंटरव्ह्यू जर्मनमध्येच होतो, आणि सध्या ऑटोमोबाईलमध्ये भरती मंद आहे, चाकणच्या कंपन्यांत काम केलेल्या मेकॅनिकलवाल्यांनी हे लक्षात घेऊनच ठरवावं. बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनला निदान ए२ करून निघालात तर पहिलं वर्ष खूप हलकं जातं. बी१ च्या तोंडी परीक्षेत समोरच्याबरोबर मिळून काहीतरी ठरवायचं असतं, माझ्या वेळी आजारी मित्राला भेटायला जायचं होतं, आणि क्लासमध्ये रटलेलं तिथे फारसं उपयोगाला येत नाही, बोलावंच लागतं.

एका बाबतीत मात्र कॅनडाच पुढे आहे, आणि ज्यांचे आई-बाबा पुण्यात एकटे आहेत त्यांनी याचा नीट विचार करावा. कॅनडाचा पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिलं की झालं, म्हणजे गरज पडली तर लांब काळ इकडे येऊन राहता येतं. जर्मनीचा पीआर सहसा सहा महिने सलग बाहेर राहिलात की जातो, बारा महिन्यांची सवलत आहे ती ब्लू कार्डाला.

तर तुम्ही पंचविशीच्या आत असाल आणि फ्रेंच येत असेल तर कॅनडा जरूर बघा, २०२४-२५ मध्ये कॅनडात काम केलेल्यांच्या ड्रॉचे कटऑफ ५०० च्या वर राहिले, पण फ्रेंचवाल्यांचे त्याहून बरेच खाली होते. तीन-चार वर्षं नोकरी करून निघत असाल तर, निदान माझ्या मते, जर्मन शिकायचे कष्ट परवडतात.