पाचबोटी मोजे आणि कागदी टेप: हंपीपासून रोमपर्यंत वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. ज्या सहलीत दिवसभर पायीच फिरायचं असतं, तिच्यासाठी बुटांआधी मोज्यांवर पैसे घाला. सोबत औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी टेप, म्हणजे मायक्रोपोर, बाळगा. गेले कित्येक महिने आमच्या घरात या दोन गोष्टी वापरात आहेत. हंपीच्या उन्हात, अजिंठा-वेरूळला, इटलीतल्या दगडी रस्त्यांवर आणि एरवी सकाळी टेकडीवर. वापरणारे तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. तिघांचे पाय तीन तऱ्हेचे. माझी बोटं एकमेकांना चिकटलेली, नवऱ्याचा पंजा रुंद आणि पायाला घाम फार, सासूबाईंना मधुमेह. त्यामुळे एकाला मानवलेली गोष्ट दुसऱ्याला मानवेलच असं नाही, हेही नीट कळलं.

फोड कसा येतो हे समजून घेतल्यावर बाजारातल्या निम्म्या वस्तू घ्यायची गरज वाटेनाशी झाली. आपण म्हणतो बूट चावला, म्हणजे बुटाने कातडी बाहेरून घासली. पण खरी गडबड आत होते. घामाने ओली झालेली कातडी मोज्याला धरून बसते आणि आतलं हाड प्रत्येक पावलागणिक पुढे-मागे सरकत राहतं. मधल्या थरांवर ताण येतो, हजारो पावलांनंतर त्यातला एक थर सुटतो आणि त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणून उपाय तीनच ठिकाणी करता येतो: पाय कोरडा ठेवणं, सरकणं कातडीऐवजी कापडात व्हावं अशी सोय करणं आणि बुटात पाय हलू न देणं. नवीन वस्तू पाहिली की मी हेच विचारते, ही या तिघांपैकी नेमकं काय करते? उत्तर मिळालं नाही तर ती वस्तू दुकानातच राहते.

आता मोजे. पाचबोटी म्हणजे हातमोज्यासारखे, प्रत्येक बोटाला वेगळी पिशवी असलेले. मी घेतले ते मेरिनो लोकर आणि नायलॉनच्या मिश्रणाचे, पातळ. लोकर ऐकून आपल्याकडे लोक दचकतात, पण ही लोकर बारीक असते, टोचत नाही आणि घाम कातडीजवळ साठू देत नाही. सुती मोजा याच्या नेमका उलटा. घाम पितो, जड होतो, सुरकुततो आणि ओलाच राहतो. रोजच्या ऑफिसला सुती मोजे ठीक आहेत, दिवसभराच्या पायपिटीला अजिबात नाहीत.

माझ्या बाबतीत फरक सगळ्यात जास्त जाणवला तो करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये. तिथे करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडते आणि संध्याकाळपर्यंत आतल्या बाजूला हमखास फोड यायचा. पाचबोटी मोजे घालायला लागल्यापासून त्या जागी एकदाही फोड आलेला नाही. हंपीत विरूपाक्ष मंदिरापासून नदीकाठाने विठ्ठल मंदिराकडे चालत गेलो, मातंग टेकडी चढलो, तरी नाही. रोममध्ये दिवसभर हिंडून संध्याकाळी मोजे काढले तेव्हा बोटांच्या बेचक्या कोरड्या होत्या. एवढ्यावरच मी हे मोजे पुन्हा घेईन.

तक्रारीही आहेत, त्या लपवत नाही. घालायला वेळ लागतो. एकेक बोट त्याच्या पिशवीत बसवावं लागतं आणि करंगळी दर वेळी चुकते. घाईने ओढले तर शिवण बोटाच्या टोकावर आडवी येते आणि तीच टोचते. अंगठ्याच्या टोकाशी कापड लवकर विरलं. माझ्या एका जोडाला भोक पडलंय, नख कडेला जरा धारदार राहिलं की तिथेच मार बसतो. आणि बोटांमध्ये कापड आलं की पंजा रुंद होतो, त्यामुळे आधीच घट्ट असलेल्या बुटात हे मोजे घालू नका, त्रास वाढेल. नवऱ्याचं नेमकं हेच झालं. त्याच्या पंजाला ते आवळायला लागले. त्याला शेवटी दुहेरी थराचे मोजे मानवले. त्यात आतला थर पायाला धरून राहतो, बाहेरचा बुटाला, आणि सरकणं दोन कापडांच्या मध्ये होतं. ज्यांची बोटं मुळात सुटी-सुटी आहेत त्यांनी पाचबोटींच्या मागे न लागता दुहेरी थराचेच घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत दोन्हींची सारखीच जाचक. एका जोडाच्या पैशात साधे मोजे मूठभर येतात.

मायक्रोपोर टेपचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. दवाखान्यात सुई टोचल्यावर कापसावर लावतात ती पांढरी कागदी पट्टी. एक इंची गुंडाळी शंभर रुपयांच्या आसपास मिळते. हिच्यावर खरा अभ्यास झालेला आहे. अडीचशे किलोमीटरच्या टप्प्याटप्प्याच्या शर्यतींत धावणाऱ्यांच्या पायांवर अमेरिकी डॉक्टरांनी ही टेप लावून पाहिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. तिचा डिंक हलका आहे, हाच तिचा गुण. काढताना खालची कातडी सोलून येत नाही, फोड आलेला असला तरी त्याचं टरफल शाबूत राहतं.

लावायची पद्धत महत्त्वाची आहे. सकाळी आंघोळीनंतर पाय पूर्ण कोरडा झाल्यावर, क्रीम-तेल काही न लावता, आपल्याला नेहमी जिथे फोड येतो तिथेच लावायची. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा, चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उचकटतो. सुरकुती अजिबात राहू देऊ नका. टाचेला लावताना मी पाऊल नडगीकडे वळवून धरते, मग मधून बाहेर अंगठ्याने दाबत नेते. एवढं केलं की रात्रीपर्यंत हलत नाही. भिजली की मात्र निघते, म्हणून पावसात जास्तीची पट्टी खिशात ठेवा.

एक अडचण बाहेरच्या देशातल्या सल्ल्यांमध्ये सापडत नाही, ती आपली आहे. आपल्याकडे फिरणं म्हणजे दर तासाला बूट काढणं आणि घालणं. अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर, देवळात बाहेर, मठात बाहेर. मोज्यांवर आत गेलात की तळव्याला बारीक वाळू चिकटते आणि तीच घेऊन पाय परत बुटात जातो. पाचबोटी मोज्यात तर एखादा कण बेचक्यात जाऊन बसतो आणि पुढच्या अर्ध्या तासात चुरचुरायला लागतो. आमची पद्धत अशी ठरली आहे: बूट आणि मोजे दोन्ही काढायचे, अनवाणी आत जायचं, बाहेर आल्यावर पंचाच्या तुकड्याने तळवे आणि बेचक्या पुसायच्या, मोजे उलटे करून झटकायचे, मग घालायचे. दुपारच्या तापलेल्या दगडावर अनवाणी चालणं हाही प्रश्नच आहे, म्हणून उघड्या प्रांगणाची देवळं सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. वेरूळला लेणी जवळपास दोन किलोमीटरभर पसरलेली आहेत. तिथे क्रम नीट आखला तर बूट काढायचे प्रसंग पुष्कळ कमी होतात.

बुटांबद्दल थोडक्यात. संध्याकाळी जाऊन घ्या, कारण दिवसभरात पाय सुजतो. ज्या मोज्यांवर घालणार तेच घेऊन जा. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी, आणि लांब बोट म्हणजे दर वेळी अंगठाच असतो असं नाही. रुंदी हा मुद्दा दुकानदार विचारतच नाहीत. न्यू बॅलन्ससारख्या काही कंपन्या एकच माप वेगवेगळ्या रुंदीत काढतात, रुंद पंजावाल्यांनी ते मागून घ्यावं. पाणी आत न येणारे बूट उन्हाळ्याच्या सहलीला टाळा, घामही बाहेर जात नाही. आणि वरून उतरताना बोटं पुढे आपटून नखं काळी पडत असतील तर बुटाच्या सगळ्यात वरच्या जादा भोकाचा उपयोग करा. नाडी त्याच बाजूच्या दोन भोकांतून ओवून छोटा फास ठेवायचा, समोरची नाडी त्यातून काढून ओढायची. टाच मागे पक्की बसते. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. उतरताना या गाठीने नवऱ्याच्या अंगठ्याचं नख वाचलं.

रोमच्या जुन्या भागात रस्त्यांवर काळ्या दगडाचे छोटे ठोकळे बसवलेले आहेत. त्यांच्या मधल्या फटींमुळे पाऊल प्रत्येक वेळी थोडं वेगळ्या कोनात पडतं. तिथे फोडांपेक्षा तळवा आणि पोटऱ्या भरून येतात. फार मऊ तळाचे बूट दुकानात छान वाटतात, पण अशा दगडांवर पाय आत डुगडुगतो. मधोमध पिळून पाहिला तर सहज न वळणारा तळ तिथे बरा.

सासूबाईंसाठी वेगळे नियम आहेत आणि ते आम्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवले. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होऊ शकते, म्हणजे फोड आला तरी दुखेलच असं नाही. त्यांना अनवाणी चालायची परवानगी नाही. त्यांचे मोजे बिनशिवणीचे आणि पांढरे, म्हणजे थोडंसं रक्त किंवा पाणी लागलं तरी दिसतं. रोज रात्री मी त्यांच्या दोन्ही तळव्यांचे मोबाइलवर फोटो काढते आणि आदल्या दिवशीच्या फोटोशी ताडून बघते. पहिल्या दिवशी त्या संकोचल्या. "अगं, सुनेने माझ्या पायाशी बसायचं म्हणजे काय!" म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, तुम्हीच नाही का म्हणत, वारीत माउली म्हणून पाय दाबून देतात? समजा मीही तेच करतेय." नंतर त्याच आठवण करायच्या, "फोटो राहिला हं आज." एकदा त्यांच्या टाचेच्या कडेला नखाएवढा लाल डाग दिसला. त्यांना काहीच जाणवत नव्हतं. दुसरा दिवस आम्ही बोटीत आणि बाकांवर बसून काढला, डाग गेला. घरात मधुमेही कुणी असेल तर बाकी सगळं सोडा, पण हे रोज करा.

तेलाबद्दल घरोघरी विचारलं जातं. रात्री काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासणं मला मनापासून आवडतं, थकवा उतरतो, झोप लागते. सकाळी निघताना मात्र तेल-तूप लावू नका. सुरुवातीला निसरडं वाटतं, पण थोड्या वेळाने ते कातडीत आणि मोज्यात मुरतं आणि घर्षण उलट वाढतं. घाम थांबवणारी अॅल्युमिनियम क्लोराइडची औषधं हाही एक उपाय आहे. अमेरिकी सैनिकी अकादमीच्या छात्रांवर त्याचा प्रयोग झाला, १९९८ साली तो प्रसिद्ध झाला. २१ किलोमीटरच्या चालीत औषध लावणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, न लावणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांना. पण औषध लावणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची कातडी चुरचुरली. नवऱ्याला मी ते सुचवलेलं नाही, मधल्या मुक्कामात मोजे बदलून त्याचं काम भागतं. दुपारी जेवायला बसलं की बूट-मोजे काढायचे, पाय वारा लागेल असे ठेवायचे, दुसरा कोरडा जोड घालायचा आणि ओला पिशवीला बाहेरून अडकवायचा.

सकाळी उठल्याबरोबर पहिली पावलं टाकताना टाच ठणकत असेल तर ते फोडांचं प्रकरण नाही. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारा जाड पट्टा रात्रभर आखडलेला असतो आणि एकदम ताणला जातो. पलंगावरून उतरण्याआधी पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढून दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. मला याने फरक पडला. सहलीत हे सुरू करून फारसा उपयोग नाही, महिनाभर आधीपासून हवं. हॉटेलात असताना पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवते, तेही बरं वाटतं. आठवड्यांमागून आठवडे दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

फोड आलाच तर लहान आणि न दुखणारा तसाच राहू द्या. मोठा, ताणलेला असेल तर हात आणि जागा धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी काढू नका. मधुमेह असेल तर स्वतः काहीच टोचू नका. हायड्रोकोलॉइडच्या जाड जेलपट्ट्या उत्तम, युरोपात औषधाच्या दुकानात सहज मिळतात. एकदा लावली की ती आपोआप सुटेपर्यंत काही दिवस तशीच ठेवायची असते. आपल्या उन्हात तिच्या कडा गोळा होऊन मोज्याला चिकटतात, म्हणून मी कडांवरून मायक्रोपोर फिरवते. पू किंवा वाढती लाली दिसली तर जेलपट्टी लावायची नाही.

या सगळ्यापेक्षा जास्त फोड वाचवले ते एका सवयीने: चुरचुर जाणवली की त्याच ठिकाणी थांबायचं. पुढच्या चौकात नाही, हॉटेलवर गेल्यावर नाही. बरोबरचे लोक पुढे गेले तरी चालतील, कठड्यावर बसायचं, मोजा काढायचा, पुसायचं, पट्टी लावायची. पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे आता कुणीही "थांबा, चुरचुरतंय" म्हटलं की बाकीचे दोघं काही न बोलता बसायला जागा शोधतात.

पुढच्या सहलीसाठी दुहेरी थराचे आणखी दोन जोड मागवणार आहे, माझा भोक पडलेला पाचबोटी जोड बदलणार आहे. मोजे धुताना उलटे करून थंड पाण्यात, मऊसर साबणाने आणि सावलीत वाळवा. कपड्यांचा सॉफ्टनर टाळा, त्याचा थर बसला की कापड घाम नीट ओढत नाही. नवीन जोड सहलीच्या पहिल्या दिवशी घालू नका, आधी घराजवळच्या दोन-चार लांब फेऱ्यांत वापरून शिवण कुठे लागते ते बघून घ्या.