गोळी नसलेली शिट्टी: फॉक्स फॉर्टी क्लासिक, एका हंगामानंतर

गेल्या नोव्हेंबरात एका आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यात मी रेफरी होते आणि माझी शिट्टी वाजलीच नाही. मुलींचा सामना, चौथा क्वार्टर, दोन गुणांचा फरक. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारी मुलगी, उजवीकडून आत शिरत होती आणि बचाव करणारीचा हात तिच्या कमरेवर तीन पावलं तसाच होता. मी फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकेपर्यंत चेंडू निसटला, समोरची टीम पळत सुटली. आता फाउल दिला तर तो कशाचा, हे कुणालाच कळलं नसतं. मी दिला नाही. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं, बोलली काहीच नाही. इंदूरच्या लोकमान्य नगरला घरी पोचले तरी तिची ती नजर डोळ्यांपुढून हलेना.

शिट्टी जुनी पितळी, आत बुचाची गोळी असलेली. ज्या सरांकडे मी खेळ शिकले त्यांनीच दिलेली. वीस वर्षं वापरली. पण अशा शिट्टीत गोळी थुंकीने ओली होते, फुगते, कधी कोपऱ्यात चिकटून बसते, आणि फार जोरात फुंकलं तरी अडकते. म्हणजे नेमकी जिथे जोर लागतो तिथेच दगा. म्हणून फॉक्स फॉर्टी क्लासिक घेतली आणि डिसेंबरपासून सगळे सामने तिच्यावरच काढले.

हिच्या आत हलणारं काहीच नाही. तीन कप्पे आहेत. प्रत्येकातून किंचित वेगळा सूर निघतो आणि तिन्ही मिळून कानात घुसणारा एकच आवाज होतो. कंपनी 115 डेसिबल सांगते. मी मोजलेलं नाही, पण रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये शेजारच्या कोर्टावर ढोल चालू असतानाही माझ्या कोर्टावरची पोरं जागच्या जागी थांबली. ही शिट्टी काढली कॅनडाच्या रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी. ते स्वतः बास्केटबॉलचे रेफरी, 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमधला पुरुषांचा अंतिम सामना त्यांनी चालवला होता. त्यांचीही शिट्टी भर सामन्यात अडकली होती. 1987 च्या पॅन-अमेरिकन स्पर्धेत ही नवी शिट्टी मैदानात आली. आमच्यासारख्याच माणसाने, आमच्याच अडचणीतून काढलेली वस्तू आहे, आणि हातात घेतल्यावर ते जाणवतं.

आता हंगामभर माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते सांगते, कारण शिट्टीची पारख मी त्यावरच केली.

अमेरिकेत कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉलमध्ये 2012-13 साली दर सामन्याला प्रत्येक टीमची सरासरी 67.5 गुणांवर घसरली होती. साठ वर्षांत इतकी कमी कधी झाली नव्हती. ड्रिबल करणाऱ्याला, म्हणजे चेंडू आपटत पुढे नेणाऱ्याला, बचाववाले हातांनीच धरून ठेवायला लागले होते. मग 2013-14 पासून चार गोष्टींना सरळ फाउल ठरवला: चेंडूवाल्यावर हात किंवा कोपरापुढचा भाग टेकवून ठेवणं, दोन्ही हात लावणं, पुन्हा पुन्हा टोचत राहणं, आणि हात आडवा धरून वाट अडवणं. सुरुवातीच्या सामन्यांत शिट्ट्यांवर शिट्ट्या वाजल्या, कोच वैतागले, पण सरासरी 71 च्या आसपास गेली. आणि पुढच्याच हंगामात ती परत 67.6 वर आली. पुस्तकातला नियम तर तोच होता! माझ्या मते शिट्टी सैल पडली. 2015-16 मध्ये शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटवर चेंडू टाकायला मिळणारा वेळ, 35 वरून 30 सेकंदांवर आणला, बास्केटखालची कमान, जिच्या आत उभ्या बचाववाल्याला धडक बसली तरी चार्ज (हल्ला करणाऱ्याचा फाउल) देत नाहीत, ती 3 फुटांवरून 4 फुटांवर नेली, रेफरींना पुन्हा ताकीद दिली, तेव्हा कुठे आकडा 72 च्या पुढे गेला.

आपल्याकडे कॉलेजचे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी चालतात. तिथेही वारंवार हात लावत राहणं हा फाउलच आहे, कारण त्यातूनच पुढे धसमुसळेपणा सुरू होतो. पण इंदूरमध्ये मी वर्षानुवर्षं बघतेय, पहिला हात सोडून दिला जातो, दुसराही, आणि तिसऱ्यावर भांडण होतं. यात मीही आले.

डिसेंबरच्या पहिल्याच सामन्यात माझ्या जोडीच्या रेफरींशी मी आधी बोलून घेतलं: पहिल्या मिनिटापासून हात दिसला की शिट्टी. पहिल्या क्वार्टरमध्ये आम्ही अकरा फाउल दिले. फिबाच्या नियमाने क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक बचावाच्या फाउलवर दोन फ्री थ्रो (कुणीही न अडवता बास्केटवर टाकायचे चेंडू), त्यामुळे दोन्ही बाजूंनी नुसती रांग लागली. पोरींना फ्री थ्रो येत नव्हते हेही सगळ्यांसमोर आलं. एका टीमची सर्वात उंच मुलगी चार मिनिटांत दोन फाउल घेऊन बेंचवर बसली. कोच तावातावाने माझ्याकडे आले, “ताई, तुम्ही खेळू देणार की नाही?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. खेळाची लय खरंच तुटत होती, आणि सामना नेहमीपेक्षा वीस मिनिटं लांबला.

पण दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर एक गोष्ट घडली. बचाव करणाऱ्या मुलींचे हात मागे गेले आणि पाय हलायला लागले. धरता येत नाही म्हटल्यावर आडवं सरकणं भाग पडलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोन्ही टीमचे मिळून पाचच फाउल. आणि एक बुटकी, चपळ गार्ड, जिला आधीच्या सामन्यांत कुणीही खांद्याला धरून थांबवायचं, ती दरवेळी आत शिरायला लागली. आत शिरते म्हटल्यावर दोघी तिच्यावर धावायच्या आणि कोपऱ्यातली मैत्रीण मोकळी राहायची. इतके सुंदर पास मी आपल्या मुलींच्या सामन्यात फार दिवसांनी बघितले. कडक फाउलचा फायदा कुणाला होतो हे मला त्या दिवशी दिसलं: ज्यांच्याकडे उंची नाही, ताकद नाही, पण पाय आहेत आणि डोकं आहे, त्यांना.

बास्केटबॉल ज्यांनी शोधला त्या नेस्मिथ यांच्या 1891 च्या मूळ तेरा नियमांत तर एका बाजूने लागोपाठ तीन फाउल केले की समोरच्या टीमला एक गोल फुकट मिळायचा. धरणं, ढकलणं या खेळाला पहिल्या दिवसापासून मान्य नाही.

या सगळ्यात शिट्टीचं काम काय? वेळ. हात कमरेवर असतानाच आवाज झाला तर त्या मुलीला कळतं की चूक ती आहे. अर्धा सेकंद उशीर झाला की तिला वाटतं, फाउल भलत्याच कशाचा तरी दिला. फॉक्स फॉर्टी श्वासाबरोबर वाजते, हळू फुंका की जोरात. एकच गोष्ट शिकावी लागते. गोळीचा थरथरता आवाज हिच्यात नाही, त्यामुळे फरक श्वासानेच करायचा. चेंडू बाहेर गेला तर छोटी शिट्टी आणि उघडा पंजा, फाउलला जोरकस शिट्टी आणि मूठ वर. मला जमायला तीन सामने लागले.

घेताना दोन गोष्टी बघा. बाजारात नकली खूप आहेत. एका दुकानातून मी सरावासाठी दुसरी घेतली ती तशीच निघाली: कडेला सांध्याची रेघ खरखरीत, आणि जोरात फुंकलं की आवाज फाटतो. खरी कितीही जोराने फुंका, फाटत नाही. दुसरं म्हणजे, दातांत धरून पळायची सवय असेल तर तोंडाशी मऊ रबर असलेली घ्या, मी तीच वापरते. कोमट पाण्यात साबणाने धुऊन झटकली की झालं. किंमत साध्या शिट्टीच्या कितीतरी पट आहे, तरी दोन घ्या, आणि आपली शिट्टी दुसऱ्याला देऊ नका. बंद हॉलमध्ये स्कोअररच्या टेबलाकडे तोंड करून फुंकू नका, त्यांचे कान खरंच दुखतात.

फेब्रुवारीत ती नोव्हेंबरची पॉइंट गार्ड पुन्हा माझ्या सामन्यात होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बचाव करताना तिचाच हात समोरच्या मुलीच्या पाठीवर टेकला. मी लगेच शिट्टी दिली, मूठ वर केली. तिचा चौथा फाउल. तिने हात वर केला, नंबर दाखवला आणि जागेवर गेली. पुढची सात मिनिटं ती त्याच मुलीसमोर गुडघे वाकवून, हात मागे ठेवून सरकत राहिली.