सिव्हिल बीईच्या प्रोजेक्टला काँक्रीट घ्यावं की माती?

ईटॅब्स या सॉफ्टवेअरवर इमारत उभी करणारा गट प्रत्येक वर्गात असतो, त्यांना इथे बाजूला ठेवू. हात घाण करायची तयारी आहे, पण काँक्रीट लॅब की सॉइल लॅब हे ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. पुण्यातल्या एका कॉलेजातून मी मातीचा प्रोजेक्ट करून बाहेर पडलो. रूमवरची मुलं काँक्रीटमध्ये होती आणि त्यांचे मोल्ड (साचे) खोलायला आम्हीही जायचो. दोन्हीकडचं थोडंफार पाहिलंय, पण मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

काँक्रीटची ओढ मला कळते. क्यूब (काँक्रीटचा ठोकळा) सीटीएमखाली, म्हणजे दाब देऊन फोडणाऱ्या मशीनखाली ठेवला, फुटला, ताकदीचा आकडा मिळाला; वाद संपला. हिंजवडी-वाघोलीकडच्या साइटवर किंवा आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटवर नोकरीला गेलात, तर मिक्स डिझाइन, म्हणजे सिमेंट-वाळू-खडी-पाण्याचं प्रमाण स्वतः काढलंय म्हटल्यावर पुढचं बोलणं सोपं होतं. एम 25 (28 दिवसांना 25 एमपीए ताकदीचं काँक्रीट) साठी टार्गेट 31.6 का धरायचं, हे ज्याने आयएस 10262 हा मिक्स डिझाइनचा कोड घेऊन हाताने मांडलंय त्याला व्हायवात अडवणं कठीण.

आता हिशेब बघा. सिमेंटच्या जागी काहीतरी 0, 10, 20, 30, 40 टक्के घालायचं, 7 आणि 28 दिवसांना तपासायचं, प्रत्येक वेळी तीन क्यूब. झाले 30 क्यूब, म्हणजे सुमारे 240 किलो काँक्रीट, वाया जाणारं वेगळंच. अंगमेहनतीचं मला काही वाटत नाही. माझं मन फिरलं ते त्या 28 दिवसांमुळे.

28 दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे. सोमवारी कास्ट केलेला क्यूब सोमवारीच फोडायचा, त्यामुळे फोडायला रविवार आड येत नाही. (शनिवारी मात्र कास्टिंग करू नका, दुसऱ्या दिवशी साचे खोलायला कोण येणार?) आड येते ती दिवाळीची सुट्टी, ओरल-प्रॅक्टिकलचा आठवडा, लॅब असिस्टंटची रजा, आणि ऐन दिवशी बंद पडलेलं सीटीएम. बरं, तीनपैकी एखादा क्यूब सरासरीपासून 15 टक्क्यांपेक्षा जास्त भरकटला, तर तो संचच धरता येत नाही. पुन्हा कास्टिंग, पुन्हा चार आठवडे. एका सेमिस्टरमध्ये असं दोनदा झालं की रिपोर्टमध्ये काय लिहायचं हा प्रश्न उरतो, आणि मग आकडे कुठून येतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

फ्लाय अॅशचा (कोळसा जाळून उरलेल्या बारीक राखेचा) विषय घेणाऱ्यांना आणखी एक सांगतो. दुकानात सहज मिळतं ते पीपीसी, त्यात आधीच फ्लाय अॅश असते. त्यामुळे ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट शोधून आणा, नाहीतर तुमचा शून्य टक्के हा शून्य नसतोच. त्यातून फ्लाय अॅशची ताकद उशिरा येते. 28 दिवसांत ती पुरती दिसत नाही. कोड क्यूरिंगचं (क्यूब बुडवून ठेवायचं) पाणी 27 अंशांच्या आसपास ठेवायला सांगतो, आणि डिसेंबरात पुण्यातला उघड्यावरचा टँक सकाळी हात घालवत नाही इतका गार असतो. आमच्या मित्रांचे थंडीतले क्यूब कमीच भरले असं मला वाटतं, अर्थात कारण तेच होतं असं छातीठोकपणे म्हणणार नाही.

मातीतही कटकटी आहेतच. काळी माती वाळवणं आणि कुटणं हे शिक्षेसारखं काम. लिक्विड लिमिट (किती पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते ते) तर कॅसाग्रांडे या उपकरणाचं हँडल कोण फिरवतंय त्यावर बदलतं, म्हणून ते काम शेवटपर्यंत एकाच माणसाकडे द्या. फ्री स्वेलला (माती किती फुगते या चाचणीला) रॉकेल लागतं, आणि आजच्या पुण्यात ते मिळवणं हाच अर्धा प्रयोग.

पण चुकलं तर उद्या पुन्हा करता येतं. प्रॉक्टर (माती ठोकून घनता काढायची चाचणी) बिघडला, नवी माती घ्या, ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी वजन करा. नेहमीच्या चाचण्यांत जास्त थांबावं लागतं ते सोक्ड सीबीआरला, म्हणजे भिजवलेली माती रस्त्याखाली किती भार पेलेल या चाचणीला, तेही 4 दिवस. आणि फरक डोळ्यांना दिसतो: चिकट माती थोडा चुना घातल्यावर दुसऱ्याच दिवशी भुसभुशीत होते, प्लॅस्टिसिटी इंडेक्स (चिकटपणाचा आकडा) खाली येतो. नुसत्या काळ्या मातीचा सोक्ड सीबीआर बहुधा 2-3 टक्क्यांच्या घरात असतो, म्हणजे सुधारायला भरपूर जागा. व्हायवाला मॉन्टमोरिलोनाइट (काळ्या मातीतलं चिकणमातीचं खनिज) का फुगतं, हे नीट सांगता आलं की एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, त्याच विषयावर रमतात, असा माझा तरी अनुभव.

स्ट्रक्चरकडेच जायचं पक्कं असेल तर काँक्रीट घ्या, फक्त पहिलं कास्टिंग गणपतीआधी उरका. बाकीच्यांनी पाऊस ओसरल्यावर दौंड-बारामतीकडे ओळखीच्या कुणाचं शेत शोधावं. मुळशीच्या बाजूला जाऊ नका, तिथे मुरूम आणि तांबडी माती जास्त. वरचा मुळांचा थर हातभर काढून खालची माती घ्या आणि लागेल त्याच्या दुप्पट पोती एकाच खड्ड्यातून भरा. नंतर आणलेली माती आधीच्या मातीशी जुळेलच असं नाही.