रॉथ कन्व्हर्जन: दरवर्षी घोट घोट की एकाच दमात?

न्यू जर्सीत आमच्याकडे दिवाळी फराळाला हल्ली गुडघेदुखीपेक्षा इर्माची चर्चा जास्त होते. इर्मा म्हणजे उत्पन्न एका रेषेच्या वर गेलं म्हणून मेडिकेअरच्या, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पार्ट बी (डॉक्टर) आणि पार्ट डीवर (औषधं) बसणारा जादा आकार. आयआरए या निवृत्ती खात्यातले, कर अजून न भरलेले पैसे रॉथ या पुढे करमुक्त राहणाऱ्या खात्यात न्यायचे (हेच कन्व्हर्जन, आणि नेलेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते) हे बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडतं ते एवढ्यावरच, की दरवर्षी रेषेच्या आत राहून थोडे थोडे न्यायचे, की एकदाच मोठा घास घ्यायचा. मी दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो.

घोट घोट पद्धत कागदावर उजवी दिसते. आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात राहता येतं, इर्मा लागत नाही, गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा ३.८ टक्क्यांचा जादा करही दूर राहतो. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, ८५ टक्क्यांवर कर दोन्हीकडे लागणारच. त्या करासाठीची जोडीच्या उत्पन्नाची ३२ आणि ४४ हजारांची रेषा महागाईप्रमाणे कधी हललेलीच नाही, तेव्हा ते सोडून द्या.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. तुम्ही ज्या रेषेच्या आत राहू पाहता, ती त्या वर्षी आखलेलीच नसते. २०२३ च्या उत्पन्नावर २०२५ चा प्रीमियम ठरतो, आणि २०२५ ची रेषा कळते २०२४ च्या शेवटी. मी २०२३ च्या नोव्हेंबरात अंदाज बांधून जोडीचं उत्पन्न दोन लाख साडेदहा हजारांच्या आसपास ठेवलं आणि कन्व्हर्जन उरकलं. डिसेंबरात एका म्युच्युअल फंडाने वर्षअखेरचा कॅपिटल गेन वाटला, न मागता. पुढे रेषा जाहीर झाली २,१२,०००, आणि आम्ही तिच्या काहीशे डॉलर वर. इथे काहीशे आणि काही हजार यांत फरक नाही, एक डॉलर वर गेलात तरी अख्खी पायरी लागते. माणशी महिना ८७.७० डॉलर, दोघांचे मिळून वर्षाचे सुमारे २,१०५. कन्व्हर्जन परत फिरवायची सोय २०१८ पासून बंद आहे. एसएसए-४४, म्हणजे इर्मा कमी करून मागायचा अर्ज, भरून पाहावा, तर त्यात निवृत्ती, घटस्फोट, जोडीदाराचं निधन अशी कारणं चालतात. ‘फंडाने घात केला’ चालत नाही.

त्यानंतर दर डिसेंबरला स्टेटमेंटं चाळत बसायचा मला कंटाळा आला. बायको म्हणाली, एवढं तर तू नोकरीत असताना बजेटला घाबरत नव्हतास.

म्हणून २०२४ मध्ये एकदम मोठी रक्कम रॉथमध्ये नेली, उत्पन्न तीन लाख तीस हजारांच्या घरात नेलं. एकदा रेषा ओलांडायचीच, तर ती पायरी पुरती वापरून घ्यायची. आयकराचा टप्पा २२ वरून २४ झाला, तो फार बोचला नाही. अडीच लाख ओलांडल्यावर डिव्हिडंडवर ३.८ टक्के लागले. त्याची चिडचिड मात्र झाली, कारण २०१३ पासून तीही रेषा जागची हललेली नाही. २०२६ चा इर्मा दोघांचा मिळून ५,७७० च्या आसपास बसतो. आकडा मोठा आहे, नाकारत नाही. न चुकता घोट घोट जमवलंत तर तुम्ही माझ्यापेक्षा स्वस्तात सुटाल. पण तो भुर्दंड एका वर्षाचा आहे, आणि दोघांपैकी एक मागे राहिल्यावर रेषा जवळजवळ निम्म्यावर येते, याचा हिशेब घोटवाल्यांच्या एक्सेल शीटमध्ये मला सहसा दिसत नाही.

कोथरूडचा फ्लॅट विकायचा विचार असेल, तर तो कन्व्हर्जनच्याच वर्षी विकता येतो का पाहा. आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांनी भारतात कर भरला, इथे त्याचं क्रेडिट घेतलं आणि निश्चिंत झाले. क्रेडिटने कर कमी होतो, उत्पन्न नाही. दोन वर्षांनी इर्माचं पत्र आलं.

ज्यांची त्रेसष्टी अजून लांब आहे, त्यांनी खरं तर एवढा विचारही करू नये. त्रेसष्टाव्या वर्षाच्या आधी मोठा घास घेतला तर पासष्टीत इर्मा त्याकडे बघतच नाही. मी पासष्टीपर्यंत नोकरी केली, ती संधी हुकली. ज्यांचं उत्पन्न रेषेपासून कोसभर खाली आहे, त्यांनी खुशाल घोट घ्यावेत, आणि तेही फंडांचं डिसेंबरचं वाटप होऊन गेल्यावर.

आम्ही २०२५ मध्ये एक डॉलरही कन्व्हर्ट केला नाही. म्हणजे २०२७ च्या जानेवारीत इर्माबाईंनी आमच्याकडून गाशा गुंडाळायला हरकत नाही.